कोबाल्टच्या रेषेचा तंटा

दीपमाला मौले यांची प्रयोगशाळा कॉलेजच्या तळघरात होती. जिन्याखालच्या बुटक्या दारातून मान वाकवून आत शिरायचं, अंधाऱ्या पायऱ्या उतरायच्या, की समोर काळ्या रंगाने रंगवलेली एक लांबलचक खोली. नवीन विद्यार्थ्यांना ती खोली गोदाम वाटायची. तिथे त्यांना बघण्यासारखं काही दिसायचं नाही, आणि दीपमालाबाई ज्याच्यासाठी तिथे बसायच्या ते तर डोळ्यांनी दिसण्यातलंच नव्हतं.

धातू तापवला, इतका तापवला की त्याची वाफ होऊन ती पेटली, की तिच्यातून प्रकाश निघतो. तो प्रकाश फोडून पसरवला की सलग पट्टा मिळत नाही. सुट्या सुट्या बारीक रेषा मिळतात. लोखंडाच्या वेगळ्या, तांब्याच्या वेगळ्या, निकेलच्या वेगळ्या. यातल्या बऱ्याच रेषा जांभळ्याच्या पलीकडे, अतिनील भागात असतात. तिथे डोळा आंधळा असतो आणि साधी काचसुद्धा भिंतीसारखी आडवी येते, म्हणून सगळ्या खिडक्या क्वार्ट्झच्या लागतात. त्या न दिसणाऱ्या रेषांच्या जागा नेमक्या मोजायच्या, हा दीपमालाबाईंचा उद्योग होता.

मखमलाबादच्या माळ्याच्या घरातली बाई या उद्योगात कशी शिरली, याचं उत्तर एका नावात होतं. रंगनाथ कोठावदे. सर मूळ सटाण्याचे. ऐंशीच्या दशकात त्यांनी हे तळघर मागून घेतलं, इमारतीच्या पायापासून वेगळा असा काँक्रीटचा चौथरा बांधून घेतला आणि त्याच्यावर प्रकाश फोडून टिपणारा तीन मीटर लांबीचा स्पेक्ट्रोग्राफ उभा केला. त्यावर त्यांनी कोबाल्टच्या रेषा मोजल्या. तो निबंध बाहेरदेशी छापून आला आणि पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांच्या कोष्टकात कोबाल्टच्या पानावर ते आकडे जाऊन बसले. दीपमाला एम.एस्सी.ला आली तेव्हा सरांनी तिला याच चौथऱ्याजवळ उभं केलं. साबणाच्या पावडरीत भिजवून वाळवलेला एक कागद अंधारात प्रकाशाच्या वाटेत धरला, आणि काहीच नव्हतं तिथे कागदावर निळसर रेषा उजळल्या. ती तिथेच अडकली. सर निवृत्त झाले, तळघर तिच्याकडे आलं. फोटोच्या काचा मिळेनाशा झाल्या तेव्हा तिने अतिनील प्रकाश टिपणारा कॅमेरा बसवून घेतला. बाकी सगळं सरांच्या वेळचंच राहिलं.

गणपती उठल्यानंतर एक ईमेल आली. चिलीत ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंची. त्यांनी लिहिलं होतं की, एका ताऱ्याच्या वर्णपटातली कोबाल्टची एक रेषा कोष्टकातल्या आकड्याशी जुळत नाही. बाकीच्या सगळ्या जुळतात, हीच तेवढी बाजूला सरकलेली दिसते. हा आकडा तुमच्या कॉलेजातून आलेला आहे. ती रेषा पुन्हा मोजता येईल का?

दीपमालाला मनातून हसू आलं. सरांचा आकडा. चूक ताऱ्याची असेल.

तिने कोबाल्टचा दिवा लावला. बोटभर धातूच्या नळीत थोडासा निऑन वायू भरलेला, विजेवर चालणारा शांत दिवा. शेजारी लोखंडाचा. लोखंडाच्या रेषा साऱ्या जगाने मोजून ठेवलेल्या असतात, रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांसारख्या. आपल्या रेषेचं अंतर त्या दगडांपासून मोजायचं. तिने मोजलं. आकडा सरांच्या आकड्याशी जुळला नाही. फरक दशांशचिन्हापुढच्या तिसऱ्या घरात होता, पण त्या घरात सर कधी चुकत नसत.

तिने पुन्हा मोजलं. खोलीचं तापमान तपासलं, आरसा तपासला, प्रकाश आत घेणारी फट साफ केली. आकडा तोच. चिलीच्या बाईंनी ताऱ्यावरून जो आकडा काढला होता, त्याच्याशी मात्र तो अगदी चिकटून बसत होता.

त्या संध्याकाळी घरी जेवतानाही तिच्या डोक्यात तो आकडाच होता.

सर इंदिरानगरला राहत. गुडघे गेले होते, पण डोकं सकाळच्या घंटेसारखं स्वच्छ होतं. दीपमाला रविवारी गेली तेव्हा ते गॅलरीत वर्तमानपत्र चाळत बसले होते. काकूंनी चहा आणला. दीपमालाने इकडचं तिकडचं बोलून पाहिलं, आणि मग कपबशी खाली ठेवून सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढून पुसला.

"दिवा कसला वापरलास?"

"पोकळ कॅथोडचा. निऑनवाला."

"मग ती निऑनची रेषा असेल. कोबाल्टच्या अंगावर बसली असेल. वायू बदलून बघितलास?"

"नाही सर."

"वायू न बदलता माझ्याकडे आलीस?"

आवाज चढला नव्हता, पण दीपमालाला कान तापल्यासारखे वाटले. ती म्हणाली, "सर, तुम्ही उघड्या हवेत कांड्यांचा आर्क वापरला होता. हवेच्या दाबाने रेषा थोडी सरकते. तसं तर झालं नसेल?"

"एक सरकेल आणि शेजारच्या वीस जागेवर राहतील?" सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मी त्या रेषेवर सबंध उन्हाळा घालवलाय, दीपमाला. तुझ्या कॅमेऱ्याला काय होतं, दोन मिनिटांत चित्र."

पुढे ते वर्तमानपत्रच वाचत राहिले. काकू दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस. त्यांचं आज साखरेचं औषध राहिलंय." औषधाचा याच्याशी संबंध नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं.

दीपमालाने दिव्यातला वायू बदलून घेतला. निऑन काढून आर्गॉन भरला. रेषा जिथल्या तिथे राहिली, नवीन आकड्यावर. म्हणजे निऑनचा दोष नव्हता. तिने सरांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी उचलला आणि ते झोपलेत म्हणून सांगितलं. चिलीला उत्तर पाठवायचं तर एका ओळीचं काम होतं: जुना आकडा चुकला, नवीन हा घ्या. ती ओळ लिहायला तिचा हात होत नव्हता. त्यात सरांची भीड होतीच. पण नुसती भीड असती तर तिने ती गिळली असती. सरांचं एक वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. शेजारच्या वीस रेषा जागेवर राहिल्या होत्या. निष्काळजी माणूस एकाच जागी कसा चुकेल?

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी कॉलेजच्या दाराशी रिक्षा थांबली. आतून आधी काठी बाहेर आली, मग सर, आणि मग एक लाकडी खोकं. शिपायाने खोकं उचललं. सर जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी करत तळघरात उतरले. दीपमाला धावत पुढे गेली तर त्यांनी हाताने तिला बाजूला केलं.

"खुर्ची कुठंय?"

तिने खुर्ची दिली. ते बसले, दम खाल्ला, भोवताली पाहिलं. कॅमेऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"वायू बदललास?"

"बदलला. आकडा तोच आहे."

"हं." त्यांनी काठीने खोक्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "उघड ते. माझा आर्क आहे. घरी माळ्यावर पडला होता. तुझ्या दिव्याने तू मोजलंस. आता माझ्या दिव्याने, तुझ्या कॅमेऱ्यावर मोजू. मग तर भांडण मिटेल."

खोक्यात दोन पितळी चिमटे होते, त्यात बसवायच्या कार्बनच्या कांड्या होत्या, आणि वेल्डर वापरतात तसे काळ्या काचेचे दोन मुखवटे. दीपमालाने खालच्या कांडीच्या खळग्यात कोबाल्टची चिमूटभर पूड भरली. मुखवटे चढवले, कांड्या जवळ आणल्या, आणि ठिणगी पडून आर्क पेटला. फरफर आवाज झाला. पाऊस पडून गेल्यावर विजेच्या खांबाखाली येतो तसा वास खोलीभर पसरला. सर खुर्चीत पुढे सरकून बसले. त्यांचं तोंड मुखवट्याआड होतं, पण हात गुडघ्यांवर कसा थापटत होता ते दीपमालाला दिसत होतं.

चित्र पडद्यावर आलं. दीपमालाने लोखंडाच्या खुणांपासून रेषेची जागा काढली, आणि ती पुन्हा एकदा तपासली.

"बोल ना," सर म्हणाले.

"तुमचाच आकडा आला सर."

सरांनी मुखवटा काढला. ते आता जिंकल्यासारखे हसतील असं तिला वाटलं होतं. पण ते हसले नाहीत. "आता तुझा दिवा लाव," एवढंच म्हणाले.

तिने आपला दिवा लावला. आकडा तिचा आला. तेच यंत्र, तोच कॅमेरा, त्याच खुणा. आर्क लावला की रेषा इकडे, दिवा लावला की तिकडे.

दोघं कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसले. शिपाई चहा घेऊन आला आणि दोघांनी तो न बघताच घेतला.

"एक रेषा दोन जागी राहू शकत नाही," सर म्हणाले.

"नाही राहू शकत."

"मग?"

दीपमालाच्या मनात जे घोळत होतं ते तिने आता पहिल्यांदा मोठ्याने बोलून पाहिलं. "सर, ती एकच नसेल तर? एकमेकींना खेटून दोन असतील. एक साध्या अणूची, आणि एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूची. तुमच्या आर्कमध्ये बहुतेक अणू धड राहतात, म्हणून तिथे पहिली जोरात. माझ्या दिव्यात अणू जास्त फुटतात, म्हणून दुसरी जोरात. आपल्याला दोन्ही वेळा एकच जाड रेषा दिसते, आणि जिचा जोर जास्त तिकडे ती झुकते."

सरांनी पडद्यावरच्या दोन्ही चित्रांकडे आळीपाळीने पाहिलं. मग म्हणाले, "तारा गरम आहे का तो?"

"चांगलाच गरम."

"म्हणजे तिथे तुझी दिसणार." त्यांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. "बोलायला ठीक आहे. पण दाखवायचं कसं?"

दाखवायचा मार्ग एकच होता आणि तो दोघांनाही माहीत होता. प्रकाश फोडणारी ग्रेटिंग म्हणजे बारीक बारीक रेघा कोरलेला आरसा. तिची गंमत अशी की ती एकच वर्णपट पुन्हा पुन्हा उलगडते. पहिल्या वेळी उजळ पण आखूड, दुसऱ्या वेळी फिका पण लांब, आणि तिसऱ्या वेळी आणखी फिका आणि आणखी लांब. सगळे जण उजळ म्हणून पहिल्यात मोजतात. तिसऱ्यात मोजलं तर खेटून उभ्या रेषा सुट्या होऊ शकल्या असत्या. मात्र तिथे प्रकाश इतका कमी की कॅमेरा तासन्‌तास उघडा ठेवावा लागणार, आणि तेवढा वेळ सगळं यंत्र केसाच्या अंशानेही हलता कामा नये.

आणि कॉलेजबाहेर तर सिंहस्थासाठी रस्ता काँक्रीटचा होत होता. दिवसरात्र, पाळ्या लावून रोलर फिरायचा. सरांचा वेगळा चौथरा इमारतीचे धक्के अडवायचा, पण रोलरचा थरथराट जमिनीतूनच यायचा. चहाच्या कपातसुद्धा वर्तुळं उठायची.

दीपमाला दुसऱ्या दिवशी बाहेर जाऊन रस्त्याच्या मुकादमाला भेटली. गोटीराम नावाचा पेठकडचा माणूस, डोक्यावर पिवळी टोपी, कानाला फोन. त्याने फोन खाली करून तिचं ऐकून घेतलं.

"मॅडम, रोलर बंद ठेवता येत नाय. कुंभाच्या आत रस्ता द्यायचा हाय. वरून साहेब रोज फोटो मागतो."

"एक दिवस तरी? रविवारी?"

"रविवारी पण चालूच राहतो." तो थोडा घुटमळला. "पण तुमचं असं काय हाय खाली, का रोलरनं बिघडतं?"

सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. मग ती त्याला जेवणाच्या सुट्टीत खाली घेऊन आली. खोलीतले दिवे मालवले, कोबाल्टचा दिवा लावला आणि साबणाच्या पावडरीचा कागद त्याच्या हातात दिला. "इथे धरा." गोटीरामने धरला. कागदावर निळ्या रेषा उमटल्या. त्याने कागद काढला, त्या गेल्या. पुन्हा धरला, पुन्हा आल्या. त्याने आपला रिकामा तळहात मध्ये धरून पाहिला, तर तिथे काही नाही.

"हितं काय नाय, पण हाय," तो म्हणाला.

"हो. तेच मोजतो आम्ही."

त्याने कागद परत दिला. वर जाताना अर्ध्या जिन्यात थांबला. "मॅडम, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येतीय. आमची सगळी पोरं गावाला जातात त्या दिवशी, वाघदेवाला. मुकादमानं किती बोंबललं तरी कोण थांबत नाय, आन मुकादम पण थांबत नाय. रोलर तेव्हा उभाच राहणार. दुसऱ्या दिवशी साहेब परत चालू करायला लावतो, दिवाळी आसली तरी."

दीपमालाने मनातल्या मनात पंचांग उघडलं. कॉलेजलाही तेव्हा सुट्टी. असा सगळीकडून शांत दिवस वर्षातून एखादाच.

घरी मात्र तो दिवस अजिबात शांत नव्हता. मौल्यांचा झेंडू दसऱ्याला एकदा आणि दिवाळीला एकदा असा दोनदा बाजाराला जायचा, आणि वाघबारशीपासून तर तोडणीला घरचं प्रत्येक माणूस शेतात लागायचं. दीपमाला प्राध्यापक झाली तरी दिवाळीची तोडणी तिने कधी चुकवली नव्हती. रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला.

नवरा, महेश, म्हणाला, "वाघबारशीलाच? दुसरा कुठलाच दिवस नाही का?"

"अहो, बाकी कुठल्याही दिवशी सगळं हलतं."

सासूबाई मालनबाई ताटात भाजी वाढत होत्या. त्यांनी विचारलं, "सर येणारेत का त्या दिवशी?"

"येणार आहेत."

"त्यांच्या गुडघ्यांना ते तळघर सोसायचं नाही. जाताना गादी घेऊन जा, बसायला. फुलं काय, आम्ही तोडतो. तुझ्या हातानं तोडलेल्याला काय जास्त भाव येतो का?" महेश हसला, आणि विषय तिथेच संपला.

वाघबारशीच्या सकाळी तळघरात उतरल्यावर दीपमालाला आधी ती शांतताच ऐकू आली. कोपऱ्यातल्या बादलीतलं पाणी काचेसारखं पडून होतं. सर रिक्षातून आले ते डबा घेऊन. काकूंनी वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी दिल्या होत्या. सरांनी गादीकडे पाहिलं, ती खुर्चीवर पसरली आणि तिच्यावर बसले.

तिसऱ्या वेळच्या वर्णपटात एक भानगड असते. तिथे दुसरे वर्णपटही येऊन एकमेकांवर पडतात. ते अडवायला सरांनी जुनी युक्ती सांगितली. क्वार्ट्झच्या चपट्या डबीत निकेल आणि कोबाल्टच्या क्षारांचं पाणी भरून प्रकाशाच्या वाटेत ठेवायचं. ते पाणी दिसणारा प्रकाश बराचसा गिळतं आणि अतिनील जाऊ देतं. दीपमालाने असं फक्त ऐकलं होतं. सरांनी पाणी स्वतः तयार केलं, डबी उजेडासमोर धरून त्याचा रंग पाहिला, थोडं आणखी टाकलं, पुन्हा पाहिला. एक थेंबही बाहेर सांडला नाही.

आधी आर्क. तो सारखा विझायचा, कांड्या झिजायच्या, म्हणून थांबत थांबत, कॅमेरा झाकत उघडत करावं लागलं. सरांना कांड्यांचं वळण माहीत होतं. आर्क कुरकुरायला लागला की ते बसल्या जागेवरून सांगायचे, "वरची जरा खाली घे. पुरे." दीपमालाला एम.एस्सी.चं वर्ष आठवत होतं आणि ती विद्यार्थिनीसारखीच ऐकत होती. मग तिचा दिवा. तो लावून ठेवला की नुसतं बसायचं. त्या वेळात त्यांनी भरीत भाकरी खाल्ली. बोलणंही हळू आवाजात चाललं होतं, जणू आवाजानेही यंत्र हलेल.

"त्या उन्हाळ्यात," सर घास घेत म्हणाले, "ही रेषा मला नेहमी जरा जाड वाटायची. बाकीच्यांपेक्षा. मी म्हणायचो, काच जास्त डेव्हलप झाली असेल."

"निबंधात लिहिलंय तुम्ही. 'किंचित रुंद'."

"लिहिलंय?" सरांना ते आठवत नव्हतं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

दुपार कलली तेव्हा दोन्ही चित्रं तयार झाली. दीपमालाने आर्कचं चित्र पडद्यावर घेतलं. रेषेच्या जागी एक उंचवटा होता, आणि त्याच्या उजव्या खांद्यावर एक लहानसं टेंगूळ. मग दिव्याचं चित्र घेतलं. उंचवटा उजवीकडे, टेंगूळ डावीकडे. तिने दोन्ही चित्रं एकाखाली एक लावली, खुणांच्या रेषा एका ओळीत आणल्या, आणि हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवला. तिला दिसलं होतं. तिने खुर्ची बाजूला सारून सरांना जागा दिली.

सर पडद्याच्या अगदी जवळ गेले. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. वरच्या चित्रातल्या उंचवट्यापासून बोट खाली नेलं, खालच्या चित्रात ते नेमकं टेंगळावर आलं. मग खालच्या उंचवट्यावरून बोट वर नेलं, तर ते वरच्या टेंगळावर. असं त्यांनी दोन-तीनदा केलं. सटाणा सोडून त्यांना पन्नासहून जास्त वर्षं झाली होती आणि कॉलेजात कुणी त्यांना घरची अहिराणी बोलताना ऐकलं नव्हतं. आता ती आपसूक बाहेर पडली.

"दोन शेतस," ते म्हणाले. "दोन शेतस व माय."

"हो सर. दोन आहेत."

ते मागे टेकून बसले. चेहरा असा सैल झाला होता की दीपमालाने तो तसा कधी पाहिला नव्हता. "आणि मी इतकी वर्षं एकीचाच आकडा घेऊन बसलोय."

"तुमची बरोबरच आहे सर. ती अजूनही तिथेच आहे. फक्त शेजारीण होती, ती कुणाला दिसली नव्हती."

"तू सांगितलं नसतंस तर दिसलीही नसती." मग थोड्या वेळाने, जमिनीकडे बघत, "मी फोन उचलत नव्हतो. ते काही बरोबर नव्हतं."

"मी पण वायू न बदलताच आले होते," दीपमाला म्हणाली, आणि दोघंही हसली.

दोन्ही रेषांचे आकडे काढायला दिवाळी गेली. पाडव्याला सर घरी मखमलाबादला आले, मालनबाईंनी त्यांना अनारसे खायला घातले, आणि अंगणात झेंडूच्या रिकाम्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून दोघं आकडे तपासत बसले. महेश मधूनमधून डोकावून "मिटलं का भांडण?" विचारून जायचा. चिलीला उत्तर गेलं ते एका ओळीचं नव्हतं. तिकडून परत उत्तर आलं की त्यांनी दुसरी रेषा घेतली आणि ताऱ्याचं सगळं गणित जुळलं. शिवाय एक थंड ताराही तपासला, तर तिथे पहिली रेषा अगदी जुन्या आकड्यावर सापडली. ते शेवटचं वाक्य दीपमालाने सरांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मागून काकूंचा आवाज आला, "स्पीकरवर घ्या, मलाही ऐकू दे."

निबंध लिहिताना मात्र पुन्हा वाजलं. सरांचं म्हणणं, 'खेटून' हा भाव इंग्रजीत नीट उतरला नाही. दीपमालाचं म्हणणं, निबंधात भाव नकोत, आकडे हवेत. दोन पानांच्या मजकुरावर ते महिनाभर भांडले, पण आता फोन उचलला जात होता, बऱ्याचदा पहिल्याच रिंगला.

थंडी सुरू झाल्यावर सर आठवड्यातून एकदा तळघरात यायला लागले. कॉलेजने जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावून दिला. एम.एस्सी.ची मुलं आधी बिचकून असायची, मग त्यांच्याकडून आर्क पेटवायला शिकायला लागली. एका सकाळी दीपमाला खाली आली तर सर आधीच येऊन बसले होते, समोर निकेलच्या वर्णपटाची जुनी काच, शेजारी कोष्टक उघडलेलं, हातात पेन्सिल.

"इथे बघ," ते म्हणाले. "ही पण मला जरा जाड वाटतेय."

दीपमालाने ओढणी खांद्यावर नीट घेतली, दुसरी खुर्ची ओढली आणि दिवे मालवले.